बंद खाणीवर हक्क कुणाचा?



शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकींच्या घराखाली कुठल्या ना कुठल्या टेकडीची खडी आहे. ती फोडणाऱ्यांत वडार समाजातल्या आणि दुष्काळी भागातून आलेल्या बाया होत्या. पुरुषाने पहार चालवायची; बाईने खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, ट्रक भरायचा. मजुरी कामाच्या मापावर आणि जोडीची, म्हणून ती बहुधा नवऱ्याच्याच हाती पडायची.

दगड संपला की मालक निघून जातो. मागे राहतो खड्डा आणि त्याच्या काठावरची वस्ती. पावसाळ्यात खड्डा भरतो. वस्तीत नळ नसतो, म्हणून बाया तिथेच धुणी धुतात. उतरायला पायऱ्या नाहीत, कडा सरळ तुटलेला, पाणी किती खोल ते ठाऊक नाही. मुले पोहायला जाऊन बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, आणि आईवडिलांनी लक्ष ठेवावे असा उपदेशही. खड्डा उघडा टाकून गेलेल्याला मात्र कुणी जाब विचारत नाही.

आता या खड्ड्यांना नवे भाव येत आहेत. शांघायजवळच्या जुन्या दगडखाणीत २०१८ साली आलिशान हॉटेल उभे राहिले. आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात सावनेरला कोळसाखाणीच्या परिसरात उद्यान करून पर्यटन सुरू झाले आहे. कॅनडात जेनी बुचर्ट या बाईंनी चुनखडीच्या खाणीत फुलवलेली बाग जगभर नावाजली गेली. पण जेनीबाई सिमेंट कारखान्याच्या मालकाच्या पत्नी होत्या. खाणीत राबणाऱ्या बाईला तिथे काय करावे, असे कुणी विचारले असते का?

बागेला आमचा विरोध नाही. पण बागेला तिकीट लागते आणि त्याआधी वस्ती उठवावी लागते. म्हणून पहिला प्रश्न ‘या खड्ड्याचे काय करायचे?’ हा नाही. ‘हे कोण ठरवणार?’ हा आहे.

उत्तराची एक वाट तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईने दाखवली होती. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने दगडखाणींचे पट्टे ठेकेदारांऐवजी तिथे राबणाऱ्या बायांच्या गटांना दिले गेले. काल वेठीने राबणाऱ्या बाया हिशेब ठेवू लागल्या. चालू खाण बायांच्या गटाला देता येते, तर बंद खाणीतले पाणी का देता येऊ नये? झारखंडच्या रामगढ जिल्ह्यात बंद कोळसाखाणीच्या पाण्यात पिंजरे सोडून मासे वाढवले जातात. हे काम बायांचे गट नक्कीच करू शकतात.

कायद्याचा आधारही आहे. खाणकाम संपल्यावर जमीन पुन्हा चारा उगवण्याजोगी करण्याची अट पट्ट्यांत घालावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्यांच्या निधीतून करायच्या कामांत पिण्याचे पाणी आणि स्त्रिया-मुलांचे कल्याण यांना अग्रक्रम आहे.

तेव्हा आपल्या भागातल्या गटांनी एवढे तरी करावे. जवळपासच्या बंद खाणींची यादी करावी. पट्टा कुणाचा होता, तो कधी संपला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठराव घ्यावा: आधी कुंपण आणि उतरायला पायऱ्या, मग पाण्याची तपासणी, मग वस्तीला नळ, आणि मासे, चारा, पाणी यांचा पहिला हक्क तिथे राबलेल्या बायांच्या गटाला. खनिज निधीचा हिशेबही मागावा.

डोंगर फोडताना बाईचे नाव हजेरीपटावर नव्हते. आता खड्ड्याचा सातबारा नव्याने लिहिला जाईल, तेव्हा तरी ते सुटता कामा नये.