आधी क्लावे, मग ड्रम सेट
क्यूबाचे ताल ड्रम सेटवर वाजवायचे म्हटले की बहुतेक विद्यार्थी थेट काठ्या उचलतात. मला ते पटत नाही. आधी क्लावे, म्हणजे या तालांना धरून ठेवणारा ठरावीक आघातांचा साचा, अंगात मुरायला हवी. सोन प्रकारातल्या क्लावेत सोळा मात्रांमध्ये पाचच आघात असतात: पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी. यातला तिसरा आघात सातवीवरून आठवीवर सरकवला की ती रुंब्याची क्लावे होते; फरक एका मात्रेचा, पण चाल पार बदलते. तोंडाने मात्रा मोजत, टाळी देत हे पक्के झाले की मग वेगवेगळ्या वाद्यांच्या बोलांची ड्रम सेटवर वाटणी. तिंबालेसच्या धातूच्या अंगावर वाजणारी कास्कारा उजव्या हाताने हाय-हॅटवर घ्यायची. कोंगावरची थाप डाव्या हाताने, स्नेअरच्या कडेवर आडव्या काठीने, आणि कोंगाचे खुले बोल टॉमवर. तीन-चार वादकांचे काम एकट्याने करायचे, तेव्हा काय गाळायचे हे कळणे हीच खरी विद्या. ड्रमवादक चांगितो यांनी १९७० च्या दशकात हवानाच्या लोस व्हान व्हान या वाद्यवृंदात ‘सोंगो’ हा ताल घडवला, तो याच जाणिवेतून. ड्रमवादक ओरासिओ एर्नांदेस तर डाव्या पायाने घंटेवर क्लावे धरून ठेवतात आणि दोन्ही हात व उजवा पाय मोकळे सोडतात! तिथवर पोचायला वर्षे लागतात. तुम्ही ड्रम शिकत असाल, तर आज लोस व्हान व्हानचे एखादे जुने ध्वनिमुद्रण लावा आणि शेवटपर्यंत नुसती क्लावेची टाळी द्या.