आमच्या गाडीचा क्लच

दिवाळी अंकातल्या या सदरात दरवर्षी मी एखादा साहित्याचा विषय घेतो. निदान घेतल्यासारखे तरी करतो. यंदा संपादकांची आणि वाचकांची आगाऊ माफी मागून मोटारीच्या क्लचबद्दल लिहिणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाला हे धंदे कुणी सांगितले, असे कुणी विचारील. तर त्याचे उत्तर असे, की गेल्या पावसाळ्यात सबंध दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. चहाला क्लच, जेवायला क्लच, आणि रात्री दिवा मालवल्यावरही क्लच.

आम्ही राहतो झरीला. परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत आमचे गाव लागते. माझे कॉलेज परभणीत, त्यामुळे रोजचे जाणे-येणे ठरलेले. सौ.चे माहेर उलट्या दिशेला, जिंतूरला. तिची आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे, म्हणून दर रविवारी ही स्वतः गाडी चालवीत तिकडे जाते. चाळिशी उलटल्यावर ती गाडी शिकली. शिकवणारा मीच होतो. त्या काळात आमचा संसार कसा टिकला हे एक कोडेच आहे.

आता गाडीविषयी. गाडी आमच्या पगाराला शोभणारी नाही, हे आधीच कबूल करतो. स्कोडाची लॉरा, पेट्रोलवरची, टर्बो लावलेले १.८ लिटरचे इंजिन, १६० अश्वशक्ती. नाव परदेशी असले तरी गाडी आपल्या मराठवाड्यातलीच. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेली, जिथे २००१ पासून ऑक्टाव्हिया तयार होऊ लागल्या. लॉरा आता बनत नाही. ही गाडी माझ्या पुतण्याने पुण्यात जुनी विकत घेतली, एका दुकानात तिच्या इंजिनाच्या संगणकात नवे आकडे भरून घेऊन तिला आणखी उधळी केली, आणि वर्षभरात नोकरीसाठी स्वारी जर्मनीला निघून गेली. जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "काका, वापरत राहा. उभी राहिली तर बॅटरी मरेल." काकांनी बॅटरी मरू दिली नाही. ट्रॅक्टरच्या मागे रांगता रांगता पुढचा रस्ता मोकळा दिसला, की जरा पाय दाबावा आणि पाठ आसनाला चिकटावी, हा आनंद पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने उघडपणे सांगू नये; पण होता खरा.

जुलैत एके दिवशी असाच पाय दाबला. इंजिनाने डरकाळी फोडली, काटा तीन हजारांवरून चार हजारांवर गेला, आणि गाडी होती त्याच वेगाने चालत राहिली. आत जळकट वास पसरला. शेजारून सौ. म्हणाली, "अहो, ही नुसती ओरडतेय. जात कुठे नाही."

परभणीतल्या आमच्या उस्तादांकडे मी गाडी नेली, तेव्हा त्यांनीही याहून वेगळे निदान केले नाही. फक्त ते म्हणाले, "सर, क्लच घसरतोय."

ज्यांनी गाडीचे पोट कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जात्याच्या दोन तळ्या डोळ्यांपुढे आणा. इंजिनाच्या मागे एक जड चाक सतत फिरत असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यासमोर क्लचची तबकडी, जिचा दांडा गिअरबॉक्समध्ये गेलेला असतो. तबकडीच्या मागून प्रेशर प्लेट नावाची झाकणी कमानीच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पायाने पेडल दाबले की ही पकड सुटते. पाय उचलला की दोन्ही पुन्हा एकजीव होतात. अगदी सुरुवातीच्या मोटारींत या जागी शंकूसारखा क्लच असे आणि त्याला चक्क कातडे लावलेले असे. कातडे वाळले की गाडी बुजल्या बैलासारखी उसळी घ्यायची, म्हणून त्याला तेल पाजावे लागे. आता कातडे गेले, पण मूळ गोष्ट तीच: सारा कारभार घर्षणावर.

इंजिनाच्या पिळाचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. आमच्या गाडीचा कारखान्यातून निघतानाचा आकडा २५०. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साडेपंचवीस किलो वजन लटकवावे, तेवढा पीळ. पुतण्याने करून घेतलेल्या कागदावर तो ३३० झाला होता. क्लच बनवणारे थोडी शिल्लक ठेवतात, पण ती शिल्लक झिजेसाठी आणि चढासाठी, पुतण्यांसाठी नव्हे.

तेव्हा क्लच बदलायचा हे ठरले. कोणता, इथून खरी कथा सुरू होते.

रात्री पुतण्याला फोन लावला. त्याचे उत्तर तयारच होते. "काका, सिरॅमिकच्या तुकड्यांचा क्लच टाका, आणि सोबत एकसंध फ्लायव्हील. आयुष्यभर घसरणार नाही." मी मान डोलावली. खोटे कशाला बोलू, मला ते आवडलेच. पुन्हा पाठ आसनाला चिकटणार होती.

उस्तादांना सांगितले तर ते हसले. त्यांच्याकडे त्या वेळी कुणा हौशी पोराची तसल्याच क्लचची गाडी कामाला आलेली होती. म्हणाले, "सर, आधी बसून तर बघा." मी बसलो. पेडल घट्ट होते, पण मर्दानीही वाटले. पाय उचलला मात्र, गाडीने असा हिसका दिला की माझा चष्मा मांडीवर आला. सिरॅमिकचे तुकडे उष्णता सोसतात, घट्ट पकडतात, पण त्यांना हळूहळू पकडणे माहीत नाही. नेहमीच्या तबकडीचे अस्तर क्षणभर घसरते आणि मग धरते. त्या क्षणभराच्या घसरण्यामुळेच आपण गतिरोधकावरून आणि एसटी स्टँडसमोरच्या गर्दीतून सुखाने रांगत जातो. शर्यतीच्या गाडीला रांगायचे नसते. आम्हाला बहुतेक रांगायचेच असते.

मग सौ. बसली. तिच्या डाव्या गुडघ्यावर तीन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली ती पेडल हलके आहे असे पाहूनच. तिने पेडल दाबले, सोडले, पुन्हा दाबले. पाच-सहा वेळा. मग काही न बोलता उतरली आणि बाकावर बसून गुडघ्यावर हात ठेवला. परतीच्या वाटेवर झरी जवळ आली तेव्हा म्हणाली, "टाका तुम्हाला पाहिजे तो. मी जिंतूरला एसटीने जात जाईन."

वाचकहो, भांडण झाले असते तर बरे झाले असते. रविवारी एसटीने जायचे म्हणजे स्टँडवर तासभर तिष्ठायचे, गर्दीत उभे राहायचे, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून आईच्या तोंडचा घास अर्धा ठेवून उठायचे. हे तिला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने मधला मार्ग सुचवला: अस्तर नेहमीचेच ठेवा, फक्त प्रेशर प्लेट जास्त जोराची घ्या. मला तो पटला, आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या स्नेह्यांकडे मी कागद-पेन्सिल घेऊन गेलो. त्यांनी दोन मिनिटांत हिशेब मांडला. क्लच किती पीळ पेलतो? तबकडीच्या दोन बाजू, गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले दाब, गुणिले मधली त्रिज्या. समजा गुणांक ०.३ आणि त्रिज्या १० सेंटीमीटर. तर ३३० चा पीळ पेलायला ५,५०० न्यूटन दाब हवा, म्हणजे सुमारे ५६० किलोचा भार. वर थोडी शिल्लक ठेवून ४३० पेलायचे म्हटले तर ७३० किलो. "हे वरचे १७० किलो कुठून येणार?" ते म्हणाले. "कमानीतून. आणि ती कमान उघडणार कोण?"

अर्थात ते किलो जसेच्या तसे पायावर येत नाहीत; मध्ये तरफा आहेत, तेलाची नळी आहे. पण कमान ज्या मानाने कडक, साधारण त्याच मानाने पेडल जड. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश भर. त्रिज्या वाढवावी तर गिअरबॉक्सच्या डबीत जागा नाही. घर्षण वाढवावे तर पुन्हा तो हिसका. तिन्ही वाटा बंद झाल्यावर चौथी वाट दिसली, ती मला पहिल्या दिवसापासून दिसत होती आणि मी तिच्याकडे पाहत नव्हतो: पीळच कमी करायचा. इंजिनाच्या संगणकात कारखान्याचे मूळ आकडे परत भरायचे, आणि क्लच कारखान्याने नेमून दिलेला घ्यायचा.

पुतण्या फोनवर बराच वेळ गप्प होता. "काका, तुम्ही गाडीला रिटायर करताय," एवढेच म्हणाला. पण मुलगा मनाने चांगला. तिकडूनच पुण्याच्या एका दुकानात त्याने क्लचचा संच नोंदवला. तो खोका आठ दिवसांत आला नाही. चौकशी केली तर खोका यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणीला जाऊन बसला होता. पुतण्याने पत्ता लिहिताना झरीचा पिनकोड शोधला, तो त्या झरीचा निघाला. झरी म्हटले की पुण्यात 'झारी' ऐकतात याची सवय होती. आता तालुक्याच्या मानाची झरी आडवी आली.

खोका शेवटी पोचला. वर ठळक अक्षरात लॉरा लिहिलेले. मी तो विजयी मुद्रेने उस्तादांपुढे ठेवला. उस्तादांनी तो उघडला नाही. गाडीची डिकी उघडली, जादा चाक उचलले, आणि त्याखाली चिकटवलेल्या कागदावरचे इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे सांकेतिक अक्षर एका चिठ्ठीवर उतरवून घेतले. मग खोक्यावरची यादी वाचली. आमची अक्षरे त्यात नव्हतीच. तो संच डिझेलच्या लॉराचा होता. दुकानदाराने पुतण्याला खुशाल सांगितले होते, की सगळ्या लॉराला एकच चालतो.

"सर, तुमची झरी चुकली तशी लॉरा चुकली," उस्ताद म्हणाले.

मी वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो, 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सरकारी पट्टी, आणि 'कर' म्हणजे आज्ञाही. शब्द एक दिसला म्हणून अर्थ एक समजू नका. आणि स्वतः मात्र खोक्यावरचे नाव वाचून निघालो होतो. गाडी खोलून गिअरबॉक्स जमिनीवर ठेवल्यावर हे कळले असते, तर आठवडाभर ती तिथेच पडून राहिली असती. म्हणून कुणाला क्लच बदलायचा असेल तर गाडीच्या नावावर जाऊ नका. सतरा अक्षरांचा चासी नंबर सांगा आणि इंजिन-गिअरबॉक्सची अक्षरे ताडून घ्या. एकाच गाडीत निरनिराळ्या कारखान्यांची फ्लायव्हीले बसवलेली असतात आणि एकाची झाकणी दुसऱ्यावर बसेलच असे नाही, तेव्हा तेही विचारा.

फ्लायव्हीलचे सांगायचे राहिले. आमच्या गाडीचे फ्लायव्हील एकसंध नाही. दोन चकत्या आणि त्यांच्या मध्ये कमानी स्प्रिंगा, अशी त्याची घडण. इंजिनाचे धक्के त्या स्प्रिंगा गिळतात, गिअरबॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणून त्याच्यासोबतच्या तबकडीच्या मध्यभागी सहसा स्प्रिंगा नसतात. पुतण्याचे ऐकून एकसंध चाक घातले असते आणि तबकडी बिनस्प्रिंगांचीच ठेवली असती, तर सगळे धक्के गिअरच्या दात्यांनी खाल्ले असते. योग्य तबकडी घातली तरी गाडी उभी असताना खडखडाट ऐकत बसायची तयारी हवी. गिअरबॉक्स उतरल्यावर उस्तादांनी आमचे चाक हाताने हलवून दाखवले. दोन चकत्यांमधला खेळ कारखान्याच्या मर्यादेबाहेर गेला होता. नव्याची किंमत क्लचच्या संचाच्या दुपटीहून जास्त. ती ऐकून या वेळी बाकावर मी बसलो. जुन्यावर नवी तबकडी चढवायचा मोह झाला, पण वर्षभरात पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी कोण भरणार? भरले पैसे. सोबत रिलीज बेअरिंग नवे, इंजिनाच्या मागचे तेलाचे सील नवे, कारण तेलाचा थेंब अस्तरावर पडला की सारे मुसळ केरात. आणि फ्लायव्हीलचे बोल्टही नवे, ते एकदाच ताणून बसवायचे असतात. मूळ आकडे छत्रपती संभाजीनगरला जाऊन भरून आणले. दिवाळीचा बोनस आम्हाला नसतो, पण असता तर तोही गेला असता.

गाडी परत आली त्या दिवशी पहिल्यांदा सौ.ने बसून पेडल दाबले. पाच-सहा वेळा. मग म्हणाली, "चला."

नव्या अस्तराला मुरायला वेळ द्यावा लागतो. आठशे किलोमीटर जोराचा पाय नाही, चढावर क्लचवर गाडी तोलून धरणे नाही, असा उस्तादांचा दंडक आहे. सौ.ने त्यासाठी शाळकरी वही घातली आहे. रोजचे किलोमीटर ती स्वतः लिहिते, माझ्यावर सोपवत नाही. परवा जिंतूरहून येताना रस्ता मोकळा होता, पुढे कापसाचा एकच टेम्पो. मी शेजारी बसून नुसते म्हटले, की आता ओलांडायला हरकत नाही. तिने गिअर बदलला नाही.

"सहाशे बेचाळीसच झालेत," ती म्हणाली.