आजोबांची काडतुसे

जुन्या इंदुरात एखाद्या घरी आजोबांनी हाताने भरलेली रायफलीची काडतुसे जपलेली असतात. त्यांचा नेम कायम आहे, अशी घरच्यांची समजूत. मी दरबारी गवयाचा मुलगा, पितळी तारांत वाढलेला. मला ती पटत नाही. इंग्रजी अमलात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या तडकत. पितळेत कोंडलेला ताण आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हे कारण १९२१ साली उलगडले. उष्म्याने दारूही बिघडते. काही गोळ्या नळीला घट्ट चिकटतात, काही नाहीत. मग प्रत्येकीचा वेग निराळा आणि मारा वरखाली. तंबोऱ्याच्या चारही तारा सारख्या उतरल्या तर निभते, एकच उतरली तर नाही. तेव्हा ही काडतुसे आठवण म्हणून नातवाच्या हाती देऊ नयेत. पोलिसांच्या स्वाधीन करावीत.