आधार संपला, संगणक मात्र सुरूच

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. पतसंस्थेच्या खिडकीवर पासबुके छापली जात राहिली, पंचायतीतून दाखले निघत राहिले, छापखान्यात लग्नपत्रिकांची जुळणी चालूच राहिली. पूल खचला की वाहतूक अडते आणि सर्वांचे लक्ष तिकडे जाते. येथे मात्र काहीच अडले नाही, त्यामुळे काही घडले आहे हेच बहुतेकांच्या ध्यानात आले नाही.

आधार संपणे म्हणजे नेमके काय? ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते आणि तिच्यात नव्या उणिवा सापडत राहतात. या उणिवा बुजवणाऱ्या दुरुस्त्या, म्हणजेच पॅच, मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवते. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ला दहा वर्षे या दुरुस्त्या विनामूल्य मिळाल्या, त्या आता बंद झाल्या. संगणक कालच्यासारखाच चालतो; यापुढे सापडणारी भोके तेवढी उघडी राहतात.

विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्या आज्ञावलीचा मोठा भाग समान आहे, आणि धोक्याचे मूळ येथेच आहे. विंडोज ११ साठी एखादी दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जाणकार हल्लेखोर दुरुस्तीआधीची आणि नंतरची आज्ञावली ताडून पाहतात. काय बदलले हे कळले की भोक कोठे होते तेही कळते, आणि तेच भोक विंडोज १० मध्ये असेल तर ते उघडेच असते. म्हणजे नव्या प्रणालीला मिळणारे औषध जुन्या प्रणालीच्या दुखण्याचा पत्ता सांगते. ‘इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार,’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. इतकी वर्षे काही झाले नाही, कारण इतकी वर्षे दुरुस्त्या येत होत्या.

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, आणि बहुधा अर्धवट दिला जातो. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली या रॅन्समवेअरने कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे एकतृतीयांश रुग्णालय-न्यासांना झळ बसली. रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील लेखापरीक्षकांनी मांडला. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक आणि पश्चिम बंगालच्या वीज वितरण कंपनीची काही कार्यालये त्यात सापडली. तेव्हा दोष विंडोज एक्सपीच्या माथी मारला गेला. तिचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. प्रत्यक्षात बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्या प्रणालीचा आधार चालू होता आणि आवश्यक दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, पण ती बसवलेली नव्हती. तेव्हा दुरुस्ती उपलब्ध असतानाचा आळस इतका महाग पडला. आता ती नेहमीच्या मार्गाने मिळणारच नाही.

तरीही जुन्या प्रणालीला चिकटून राहणाऱ्यांना अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. विंडोज ११ साठी कंपनीने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर यांची अट घातली आहे. २०१६ साली घेतलेला, साधी एसएसडी बसवताच हिशेबाची आणि पत्रव्यवहाराची कामे सुरळीत करणारा संगणक या अटीत बसत नाही. वळसे घालून नवी प्रणाली त्यावर चढवता येते, मात्र पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. अशा अटींमुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्येच वर्तवला होता. यंत्र धडधाकट असताना ते केवळ एका चिपेपायी मोडीत काढायला लावणे, हा ग्राहकाच्या खिशावर आणि पर्यावरणावर टाकलेला भार आहे, आणि त्याची जबाबदारी कंपनीला झटकता येणार नाही.

मराठी वापरणाऱ्यांपुढे याहून वेगळी अशी एक अडचण आहे. म्हापसा असो, बेळगाव असो वा इंदूर, डीटीपीच्या व्यवसायात आजही एखादा जुना संगणक जपून ठेवलेला असतो. त्यात पेजमेकर असते, श्रीलिपी किंवा सीडॅकची आयएसएम प्रणाली असते, आणि ती चालवण्यासाठी मागे खोचलेले डोंगल असते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. स्मरणिका, दिवाळी अंक, देवस्थानांच्या शतकोत्तर महोत्सवांचे ग्रंथ अशी दोन-तीन दशकांची अक्षरजुळणी या संगणकांत आहे, आणि ती युनिकोडमध्ये नाही. मूळ फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गुंता दिसतो. रूपांतराची साधने आहेत. पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत ती चुकतात आणि पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. त्या श्रमाचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. तेव्हा जुनी प्रणाली सोडली तर जुने लेखन हातचे जाईल, ही भीती अगदी खरी आहे.

यावर ‘त्या संगणकाला इंटरनेट जोडलेच नाही’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर बरेचसे योग्य आहे, पुरते नाही. कारण त्याच संगणकाला दिवसभरात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. जाळ्यापासून तोडलेले यंत्र ठेवायचे तर फायली एकाच ठरावीक, तपासलेल्या पेनड्राइव्हवरून आत याव्यात, आणि सवडीने का होईना, महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये आणला जावा. हे काम एकेका दुकानदाराच्या कुवतीबाहेरचे आहे. मराठी ग्रंथालये आणि साहित्यसंस्थांनी खरे तर ते अंगावर घ्यायला हवे. संमेलनांच्या ठरावांत मात्र हा विषय क्वचितच दिसतो.

घरगुती वापरकर्त्याचे नुकसान फार तर त्याच्यापुरते राहते. पतसंस्था, दवाखाने, शाळा, गृहनिर्माण संस्था यांचे तसे नाही. सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती, पॅन क्रमांक, आजारांच्या नोंदी, मुलांच्या जन्मतारखा अशी दुसऱ्यांची माहिती त्यांच्या संगणकांत असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची वाजवी सुरक्षा राखणे बंधनकारक केले असून त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख बंधने त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. दुरुस्त्या बंद झालेल्या प्रणालीवर सभासदांची माहिती ठेवणे ‘वाजवी सुरक्षा’ ठरेल काय, हा प्रश्न तेव्हा टाळता येणार नाही.

नियामकाने मनावर घेतले तर अशी स्थलांतरे होतात, हे एटीएमच्या बाबतीत दिसले आहे. आधार संपून चार वर्षे झाली तरी देशातील अनेक एटीएम विंडोज एक्सपीवरच चालत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे आखून दिले : सप्टेंबरपर्यंत किमान एकचतुर्थांश, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत तीनचतुर्थांश आणि जूनपर्यंत सर्व यंत्रे नव्या प्रणालीवर. केवळ सल्ला देऊन जे झाले नव्हते, त्याला तारखांनी गती आली. सहकार निबंधक किंवा पंचायत संचालनालय यांना असे वेळापत्रक आखायला नवा कायदा लागेल असे दिसत नाही.

मधला मार्गही आहे. घरगुती संगणकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना जाहीर केली आहे. तीस डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून संगणकाच्या सेटिंग्ज त्या खात्यात जतन केल्यास फुकट, तिचा लाभ घेता येतो. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना सेटिंग्ज जतन करण्याच्या अटीतूनही सूट मिळाली. ग्राहक-संघटना जाग्या असल्या की काय पदरात पडते, याचा हा नमुना म्हणावा लागेल. केवळ इंटरनेट, पत्रलेखन आणि शिकवणे एवढेच काम असेल तर लिनक्स हा पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. टॅलीसारखी विंडोजवर बेतलेली हिशेब-प्रणाली वापरणाऱ्याला मात्र हा मार्ग सोपा नाही.

संस्थांसाठीची योजना वेगळी आहे. तिचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. शैक्षणिक संस्थांना हाच आधार पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलरला मिळतो. दहा संगणकांची प्रयोगशाळा असलेल्या शाळेला हा खर्च तीन वर्षांत सत्तर डॉलरचा. पतसंस्थेला मात्र नवा संगणक घेणे स्वस्त की आधार विकत घेणे, हा हिशेब लवकर करावा लागेल, कारण दुसऱ्या वर्षी योजनेत येणाऱ्याला पहिल्या वर्षाचे पैसेही भरावे लागतात.