चारचौघांत परकी भाषा

शहरबसमध्ये किंवा रेल्वेच्या डब्यात आपल्या शेजारी बसलेली दोन माणसे आपणांस न कळणाऱ्या भाषेत बोलू लागली, म्हणजे आपल्या मनात प्रथम कोणता विचार येतो? ती कोठली असतील, अशी जिज्ञासा फार थोड्यांस होते. बहुतेकांस वाटते ते असे, की हे आपल्याविषयीच काहीतरी बोलत आहेत. आणि त्यांतील एकजण हसला, तर मग संशयाचा निश्चयच होतो. वास्तविक ती बिचारी भाड्याचे, भाजीचे किंवा परीक्षेचे बोलत असतात. आमच्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयामुळे परदेशांतील विद्यार्थी नेहमी दृष्टीस पडतात. फतेगंजच्या रस्त्याने ते आपसांत आपल्या भाषेत बोलत चालले, की जाणारी येणारी मंडळी वळून वळून पाहतात, आणि क्वचित त्यांच्या बोलण्याची नक्कलही करतात. नक्कल करणारांत शाळकरी मुलेही आम्ही पाहिली आहेत. म्हणून हा विषय या अंकात घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

आमचे म्हणणे असे, की कोणत्या भाषेत बोलावे हे बोलणाऱ्याने आणि ज्याच्याशी बोलणे आहे त्याने ठरवावयाचे असते. शेजारी बसलेल्या तिऱ्हाइताचा त्यात काडीइतकाही अधिकार नाही. हे कोणास इतके साधे वाटेल, की त्यासाठी लेख कशाला लिहावा! परंतु ही साधी गोष्ट सुशिक्षित समाजही किती सहज विसरतो, याचे एक उदाहरण इतिहासात नमूद आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्ये उतरली. शत्रू जर्मनी, आणि अमेरिकेच्या मध्यभागातील आयोवा या शेतीप्रधान राज्यात जर्मन वंशाचे शेतकरी पुष्कळ. त्या राज्याचा गव्हर्नर विल्यम हार्डिंग याने २३ मे १९१८ रोजी एक जाहीरनामा काढला. शाळांतून शिकविणे इंग्रजीतच व्हावे. सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत आणि दूरध्वनीवर इंग्रजीतच बोलावे. जाहीर भाषणे इंग्रजीतच व्हावीत. आणि ज्यांना इंग्रजी येत नसेल त्यांनी आपली उपासना आपल्या घरात करावी. जर्मन भाषेचे नावही त्यात वेगळे काढले नव्हते. सगळ्याच परक्या भाषा एका दाव्याला बांधल्या गेल्या. डेन्मार्क तर युद्धात तटस्थ होता. तरी डॅनिश बोलणारा शेतकरी प्रार्थनामंदिरात मुका झाला. झेक लोक ऑस्ट्रियाच्या सत्तेतून आपली मायभूमी सुटावी म्हणून अमेरिकेच्या बाजूने मोठ्या उत्साहाने उभे होते. त्यांचीही तीच गत झाली. जन्मभर नॉर्वेजियन भाषेत देवाचे नाव घेतलेल्या म्हातारीने सत्तराव्या वर्षी इंग्रजी कोठून आणावे?

दूरध्वनीचा भाग विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. त्या काळी खेड्यांत एकाच तारेवर अनेक घरांचे दूरध्वनी जोडलेले असत, आणि एका घरचे बोलणे दुसऱ्या घरी सहज ऐकू येई. स्कॉट परगण्यातील ले क्लेअर या भागात चार स्त्रिया अशा तारेवर जर्मन भाषेत बोलल्या, म्हणून त्यांस २२५ डॉलर दंड भरावा लागला. ती रक्कम रेड क्रॉसला देण्यात आली. म्हणजे दंडालाही पुण्याचा रंग चढला! त्या स्त्रियांच्या बोलण्याने युद्धाची हानी होईल असे काय असणार? पण विषय काय, हे कोणी विचारलेच नाही. भाषा कळली नाही, एवढाच पुरावा पुरला. भयाचा हा स्वभाव आहे. अमेरिकेत त्या दिवसांत ‘सावरक्राउट’ या जर्मन नावाच्या आंबविलेल्या कोबीलाही ‘स्वातंत्र्य-कोबी’ म्हणू लागले होते. कोबीचे काही बिघडले नाही, पण माणसांचे बिघडले. युद्ध संपल्यावर डिसेंबर १९१८ मध्ये तो जाहीरनामा मागे घेण्यात आला. परंतु चारचौघांत एकदा दबलेला आवाज हुकूम निघाला म्हणून पुन्हा उठतोच असे नाही.

शेजारच्या नेब्रास्का राज्याची गोष्ट तर विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. तेथे १९१९ च्या कायद्याने आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी मुलांना परकी भाषा शिकविणे गुन्हा ठरले. १९२० च्या मे महिन्यात रॉबर्ट मायर नावाचा शिक्षक एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन भाषेतील बायबलच्या कथा वाचावयास शिकवीत होता. त्याला २५ डॉलर दंड झाला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांना मात्र राज्याच्या न्यायालयाने मोकळीक दिली, कारण त्या मृत भाषा! भाषा मेलेली असेल तर चालेल, जिवंत असेल तर चालणार नाही, असा हा न्याय. मायर दंडावर थांबला नाही. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ४ जून १९२३ रोजी त्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. घटनेचे संरक्षण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला आहे तसेच इतर भाषा बोलणाऱ्यालाही आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

अमेरिका दूर राहिली म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. गोव्यात २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. येथे तर उलटाच प्रकार! भूमीची भाषा परकी ठरली आणि समुद्रापलीकडून आलेली घरची ठरली. ती तीन वर्षे संपून तीन शतके लोटली. कोंकणी १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली.

आता आपल्या घरचे पाहू. बडोद्याच्या बाजारात मराठी ही एका अर्थी परकीच भाषा आहे. ती येथे पिढ्यान् पिढ्या नांदली, गायकवाडांच्या वाड्यात बोलली गेली, २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे भरले. तथापि भाजीवाल्याची ती भाषा नव्हे. या परिस्थितीत कसे वागावे, याचा धडा सयाजीराव महाराजांनी घालून दिला आहे. त्यांची मातृभाषा मराठी; पण राज्यकारभारात त्यांनी प्रजेची गुजराती चालविली, आणि १९३१ साली कारभारातील शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांचा कोश सिद्ध करविला. सिंहासनावर बसलेल्यालाही प्रजेच्या तोंडची भाषा बदलावी असे वाटले नाही. मराठी माणसाला या नगरीत गुजराती आपसूक आली, ती कोणी दरडावल्यामुळे नव्हे. शेजारच्या मुलांशी खेळताना आणि दुकानात हिशेब करताना ती आली.

म्हणूनच २०२५ साली मुंबईलगत एका दुकानदारास मराठी बोलत नाही म्हणून मारहाण झाली, हे वृत्त वाचून आम्हांस अतिशय खेद झाला. दुकानदाराने गिऱ्हाइकाची भाषा शिकावी, हे आमचेही मत आहे. परप्रांतात राहणाऱ्याने तेथील भाषा आत्मसात केली पाहिजे, हे तर आम्ही बडोदेकर आपल्या अनुभवाने सांगू शकतो. परंतु थप्पड मारून शिकविलेली मराठी मराठीचे काय भले करणार? आणि तीच रीत उद्या अन्य प्रांतांत कोणी मराठी माणसावर चालविली, तर आपण कोणत्या तोंडाने तक्रार करावी? महाराष्ट्रातील बांधवांना कदाचित हा प्रश्न पडत नसेल; आपल्याला तो पडल्यावाचून राहत नाही.

इंग्रजीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ती परकी असूनही तिला कोणी अडवीत नाही. उलट, हॉटेलात शिरताच काही कुटुंबे मराठी खिशात ठेवतात आणि मुलाशी इंग्रजीत बोलू लागतात. ज्याला बोलावयाचे त्याने खुशाल बोलावे. आम्हांस खटकते ते निराळेच. एखादा विद्यार्थी धीर करून मोडकेतोडके इंग्रजी बोलतो, तेव्हा वर्गात खसखस पिकते. आणि एखादा परदेशी पाहुणा मोडकेतोडके मराठी बोलतो, तेव्हा टाळ्या पडतात. चूक सारखीच, धाडसही सारखेच. मग पाहुण्याला टाळ्या आणि वर्गमित्राला हसू, हा भेद का?

सभ्यता एका ठिकाणी मात्र भाषा बदलावयास सांगते. मधल्या सुटीत तीन मैत्रिणी डबा खात असल्या आणि तिसरीला मराठी कमी समजत असली, तर पहिल्या दोघींनी तिला समजेल असे बोलावे. कारण ती तिऱ्हाईत नव्हे. ती त्या बोलण्यात सामील आहे. बसमधील अनोळखी माणूस तसा सामील नसतो. भ्रमणध्वनीवर सगळ्या डब्याला ऐकू जाईल असे ओरडणाऱ्यास हळू बोलावयास अवश्य सांगावे. पण ते त्याच्या आवाजाबद्दल, भाषेबद्दल नव्हे.

शेवटी जी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक टोचते ती सांगतो. ३ ऑक्टोबर १९२४ नव्हे, अगदी परवाच्या ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि आमच्या घराघरांत आनंद झाला. संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदात अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. आपल्यासारख्या शाळांना त्याचा आधार आहे. एवढे असूनही, आजी गाडीत मोठ्याने मराठीत काही विचारते तेव्हा तिची शिकलेली नातवंडे इकडेतिकडे पाहून ‘आजी, हळू बोल’ असे म्हणतात. येथे कोणी जाहीरनामा काढलेला नाही, कोणी दंड केलेला नाही, डब्यातल्या कोणी हूं की चूं केलेले नाही. आजीने निदान बोलणे पुरे करावे. कोणाला त्यात काही विचारावयाचे असलेच, तर ते तिला गुजरातीत विचारतील. आजीला गुजराती उत्तम येते.