गावाची भूमी, गावाचा खेळ

गोल्फ म्हटले की उंच कुंपण आणि धनिकांचा क्लब डोळ्यांपुढे येतो. या खेळाचे माहेरघर, स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’, मात्र सार्वजनिक भूमी आहे, आपल्या गायरानासारखी. तेथे खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क १५५२ च्या सनदेनेच मान्य केला होता. तरीही १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपरिषदेने ती गमावली आणि सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांमुळे मैदान बिळांनी पोखरले! दोष व्यापाऱ्यांचा कमी, वारसा विकणाऱ्या कारभाऱ्यांचा अधिक. खेळाडू न्यायालयात झगडले. १८९४ मध्ये नगराने ती भूमी परत विकत घेतली. जाणारे आणि परतणारे खेळाडू आजही तेथील सात विस्तीर्ण हिरवळी वाटून घेतात. रविवारी एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी नगरवासी तेथे सहकुटुंब फिरतात.