बोट उलटली मालवणात, दावा धाराशिवात

आपला धाराशिव जिल्हा टँकरचा. विहिरीत सूर मारणारी पोरं सोडली, तर बाकीच्यांना पोहण्याचा सराव असायचं कारण नाही. तरीही मे महिन्याच्या सुट्टीत गाडी भरून मंडळी मालवणजवळच्या तारकर्लीला जातात, बंपर राईडची तिकिटं काढतात. नळदुर्गला पाणीमहाल पाहून झाला की पोरं बोटीचा हट्ट धरतात. हौस करावीच. पण तिथे काही इजा झाली तर परतल्यावर आपण 'नशिबात होतं' म्हणून दवाखान्याचं बिल मुकाट्याने भरतो, हे मला फार खटकतं.

24 मे 2022 रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. 21 मे 2024 ला आपल्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातून, कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनी धरणाच्या पाण्यात वादळात सापडली आणि सहा जण बुडाले. मृत्यूची बातमी होते. स्पीडबोट लाटेवर आदळली, पुढच्या बाकावरची बाई हातभर उडून खाली आपटली आणि कमरेचा मणका चेपला, याची बातमी होत नाही. ती बाई मात्र पुढचे कित्येक महिने पट्टा बांधून असते. खुरपणीला जाता येत नाही, मजुरी बुडते.

रस्त्यावरच्या अपघाताचं आपल्याकडे लोकांना नीट कळतं. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर धडक झाली की मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा, हे गावातला कुणीही सांगेल. बोट मात्र मोटार वाहन कायद्यात बसत नाही, म्हणून तो दरवाजा इथे बंद. आणि मग 'आता मालवणच्या कोर्टात कोण खेटे घालणार' म्हणून विषय संपतो.

तो संपायला नको. तिकीट काढलं तेव्हाच तुम्ही ग्राहक झालात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करायची सोय दिली आहे. अपघात मालवणात झाला तरी दावा धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालू शकतो. मला या कायद्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. शिवाय शुल्क ठरतं ते मोजलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य. पाचशे रुपयांच्या तिकिटावर दहा लाखांची भरपाई मागितली, तरी दाखल करायला एक रुपयाही लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. बोटमालकासोबत पॅकेज विकणाऱ्या सहल कंपनीलाही प्रतिवादी करता येतं.

पोलिसांकडची बाजू वेगळी. भाड्याने माणसं नेताना बोट धोकादायक असेल किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 284 खाली गुन्हा होतो; बेदरकारपणे बोट हाकल्याबद्दल कलम 282 आहे. तिथल्या ठाण्यात जाणं जमलं नाही, तर इथल्या ठाण्यातही झीरो एफआयआर नोंदवता येतो. बोटीत चढण्याआधी कुणी 'स्वतःच्या जबाबदारीवर' अशी सही घेतली असेल, तर तिच्या धाकाने मागे हटू नका. त्या कागदाने गुन्हा पुसला जात नाही.

अडतं ते पुराव्यापाशी. धक्क्यावर बरेचदा तिकीटच मिळत नाही, पैसे बोटवाल्याच्या मोबाईलवर जातात. तो व्यवहार, बोटीवरचा नोंदणी क्रमांक, तुटक्या बकलाचं, नाडीने बांधलेलं लाईफ जॅकेट, या सगळ्याचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. सोबतच्या अनोळखी प्रवाशांचे नंबर घ्या, तेच साक्षीदार. डॉक्टरांना 'घरात पडले' असं संकोचाने सांगू नका. बोटीत मार लागला, असंच केसपेपरवर लिहून घ्या, कारण समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो. बुडालेल्या मजुरीसाठी मुकादमाचं लेखी पत्र घ्या.

बायका, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं. त्याचा फोन 15100. ग्राहक हेल्पलाईन 1915.